तीस फेब्रुवारीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, आणि आज मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. एका उन्हाळ्यात कंधारच्या तलावाचं पाणी जांभळं झालं होतं ते माझ्या शाईनं, यावरही लोकांनी विश्वास ठेवला नव्हता. पण बारा वर्षं या गावात रोजचा दिवस मीच उजाडवत होतो. आणि एकदा तर मी एक नवाच दिवस काढला. जगात दुसऱ्या कुणाकडं नव्हता असा.

"हाव का?" पहिल्या रांगेतून आवाज आलाच.

ही जेबा. तिसरीत आहे, समोरचे दोन दात पडलेत आणि त्या फटीतून ती दर वाक्याला एक शंका बाहेर सोडते. लुंबिनीताई आज तुम्हा सगळ्यांना वाडीहून बसमध्ये घालून आमच्या कॉलेजचं ग्रंथालय दाखवायला घेऊन आली. आता ती आणि आमच्या ग्रंथपाल कहकशां मॅडम तिकडं कपाटांमागं पुस्तकं निवडतायत. तुम्ही सतरंजीवर बसून गुपचूप चित्रं बघताय असं त्यांना वाटतं. वाटू दे. जेबाच्या मांडीवर एक जाडजूड गणिताचं पुस्तक आहे. ते काही तिच्या कामाचं नाही, पण त्याच्या खाकी कव्हरवर आठ पोरींची नावं लिहिलेली दिसली म्हणून तिनं उचललं. असू दे तेही.

तर माझा जन्म. लाकडाची मूठ, पत्र्याची चौकट आणि तिच्यात रबराचे तीन पट्टे. एका पट्ट्यावर एक ते एकतीस दिवस, दुसऱ्यावर बारा महिने, तिसऱ्यावर वर्षं. बाजूला दातेरी चाकं, ती ढकलली की पट्टा पुढं सरकतो. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, माझ्या दिवसांच्या पट्ट्याला महिना कुठला चाललाय ते कळत नाही. ज्याची त्याची चाल वेगळी.

आमचे शिपाई रामकिशनकाका यांनी मला लातूरच्या गंजगोलाईतून विकत आणलं, सदऱ्याच्या खिशात घालून. अहमदपूर येईपर्यंत मी खिशात बसल्या बसल्या गाडीतल्या सगळ्यांच्या तिकिटांवर तारखा मारल्या होत्या.

"खिशातून?"

लांब हात होता तेव्हा माझा. पुढं ऐक.

कंधारला आलो आणि देवघेवीच्या टेबलावर माझी जागा ठरली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली असते. पुस्तक घरी नेलं की त्या चिठ्ठीवर परत आणायची तारीख उमटवायची, एवढंच माझं काम. पण ते काम काय साधं होतं? रोज सकाळी कहकशां मॅडम यायच्या, पर्स खुंटीला लावायच्या आणि डाव्या अंगठ्यानं माझं चाक ढकलायच्या. चाक पहिल्यापासून घट्ट. बोटाच्या टोकानं हलायचं नाही, अंगठा पार पट्ट्यावर घालावा लागायचा. मग त्यांचा अंगठा जांभळा व्हायचा. तशाच जांभळ्या अंगठ्यानं त्या चिठ्ठी दाबून धरायच्या, उजव्या हातानं मला उचलायच्या आणि ठप्! तिकडं तारीख उमटली की इकडं किल्ल्यावर ऊन यायचं. एकदा मॅडम तीन दिवस रजेवर होत्या, तर कंधारात तीन दिवस सोमवारच चालू होता.

"मग रविवारी कसं व्हायचं? रविवारी तर कॉलेज बंद असतंय."

रविवार आपला आपण उजाडायचा. सुट्टीचा दिवस, त्याला कशाला माणूस लागतं?

तेव्हा माझा मोठा रुबाब होता. पोरं रांग लावायची. चौदा दिवसांची तारीख मागायची, मॅडम सातचीच द्यायच्या. एकाच प्रतीचं पुस्तक असलं तर सात दिवसांनंतर मुदत वाढवून मिळणार नाही, असा नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला होता. तो अजून तिथंच आहे, बघा.

मग रामकिशनकाका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता त्यांच्या स्टुलावर वर्तमानपत्रांचा ढीग चढला. मॅडम एकट्या. कुलूप त्याच उघडणार, झाडू त्याच मारणार, पुस्तकं लावणार, पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणार, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणार. परीक्षा लागली की त्यांना वर्गावर नेमणूक यायची, मग ग्रंथालयाला कुलूप. पोरं दाराला हात लावून परत जायची. त्यात वर्ग सुटणार तीनला आणि गावाकडची बस साडेतीनची. अर्ध्या तासात स्टँड गाठायचा की पुस्तक शोधायचं? माझी शाईची गादी सुकून टणक झाली. मी दिवसात चारदा उठायचो, कधी दोनदाच.

दोन वर्षांमागं जानेवारीत संस्थेचे सचिव शिवशंकरअप्पा आले. माणूस वाईट नाही. वाचनाच्या हॉलमध्ये उभं राहून त्यांनी मान वर करून पंखे मोजले.

"मॅडम, पोरं येईनात," ते म्हणाले. "रिकाम्या बाकांना वारा घालण्यापरीस हितं चाळीस संगणक बसवू. कपाटं जिन्याखालच्या खोलीत जातील."

"तिथं बसायला जागा नाही, अप्पा. गावाकडची पोरगी पुस्तक घेऊन बसणार कुठं?"

"बसणारी दाखवा ना मला! एक मार्चला समिती यायलीय. पुस्तकं बाहेर जातात हे कागदावर दिसलं, तर हॉल तुमचा. न्हाई दिसलं, तर माझा इलाज न्हाई."

अप्पा गेले आणि कार्यालयातले लिपिक माणिकप्पा आत आले. मॅडमवर त्यांचा फार जीव. दार लोटून घेत हळूच म्हणाले, "मॅडम, शिक्का तुमच्याच हातात हाय. चार दुपारी बसू. मी चिठ्ठ्या उघडून देतो, तुम्ही मागच्या तारखा मारा. कोण बघायलंय?"

मित्रांनो, खरं सांगतो, मी तर तयार होतो! एका दुपारी चार हजार पुस्तकं वाटली असती मी. जीभ नुसती वळवळत होती. पण मॅडमनी मला ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"नको माणिकप्पा. चिठ्ठीवरची तारीख खरी असते म्हणून तर पोरं पुस्तक परत आणतात. मी एक खोटी मारली, की सगळ्याच खोट्या."

"मग हॉल जाईल."

"जाईल," मॅडम म्हणाल्या. मग फडकं घेऊन त्यांनी रामकिशनकाकांच्या स्टुलाचे पाय पुसले. पुसायची काही गरज नव्हती.

आता लक्ष द्या, माझ्या पराक्रमाची वेळ आली. फेब्रुवारीतली एक दुपार. सव्वातीन वाजलेले. लुंबिनी धापा टाकत आली. तेव्हा ती ताई नव्हती, शेवटच्या वर्षाला होती. तिच्या हातात हेच पुस्तक, जेबाच्या मांडीवरचं. एकच प्रत, सात दिवस संपलेले.

"मॅडम, आजून थोडे दिवस द्या की."

"भिंतीवर काय लिहिलंय, वाच."

"वाचलंय. पर आमच्या वाडीत आठ जणी हाव. पुस्तक विहारात ठिवतो. सकाळी दोघी वाचत्यात, दुपारी दोघी, शेतातनं आल्यावर दोघी. सात दिवसांत शेवटच्या दोघींचा नंबरच लागंना. त्या नुसतं कव्हर बघायल्यात." लुंबिनीनं श्वास घेतला. "एकोणतीसला नांदेडला भरतीचा पेपर हाय, आठी जणींचा. पेपर दिला की दुसऱ्या दिवशी, तीसला, पहिल्या बसनं आणून देते. तीस म्हणजे तीस."

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. फेब्रुवारीचं पान होतं, लीप वर्षाचं, एकोणतीसला संपणारं. मग लुंबिनीकडं पाहिलं. तिची नजर घड्याळावर. बस निघायला दहा मिनिटं राहिलेली.

आणि तेवढ्यात मी चाक फिरवलं. मी! स्वतःहून! मॅडमना काही पत्ता लागू दिला नाही. गर्रकन तीसवर आलो आणि ठप्! तीस फेब्रुवारी. विचार करा, जी तारीख कधी उगवतच नाही ती उलटणार कशी? पोरींना पाहिजे तेवढे दिवस! असं डोकं माझंच चालतं. मॅडमनी आयुष्यात एकदाही खोटी तारीख मारलेली नाही, हे वहीत लिहून ठेवा. जे केलं ते मी केलं.

एक मार्च उजाडला. समितीत अप्पा, नांदेडचे एक सर आणि लातूरहून आलेल्या एक वयस्कर प्राध्यापिका होत्या. चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी रजिस्टर उघडलं. वर्षभरात बाहेर गेलेली पुस्तकं चारशे अकरा. अप्पांनी सुस्कारा सोडला. प्राध्यापिकाबाई पानं उलटत शेवटच्या पानावर आल्या आणि थांबल्या. मी चिठ्ठीवर मारलेली तारीख मॅडम रजिस्टरात जशीच्या तशी उतरवायच्या.

"परतीची तारीख तीस फेब्रुवारी?"

दारात उभ्या माणिकप्पांनी कपाळाला हात लावला. चार हजार खोट्या तारखांना नाही म्हणणाऱ्या बाईंच्या टेबलावर एकच खोटी निघाली होती, तीही नेमकी आज.

"मॅडम," अप्पा म्हणाले, "तुम्ही तर लई तत्त्वाच्या. हे काय मग?"

मॅडम उभ्या राहिल्या. "तारीख चुकीची आहे, अप्पा. ती मीच मारली."

बघा, मित्रांनो! माझ्यावर येऊ नये म्हणून स्वतःवर घेतलं. असं माणूस शोधून सापडणार नाही.

अप्पा पुढं काही बोलणार, तेवढ्यात जिन्यावर पायांचा आवाज झाला. लुंबिनी आत आली आणि तिच्यामागं एकापाठी एक सात पोरी. पहिल्या बसनं आलेल्या, केसांवर धूळ, एकीच्या हातात डबा. लुंबिनीनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"मॅडम, तीसला आणते म्हणले होते. एसटीत कळलं की तीस न्हाईच, आज एक हाय. उशीर झाला का हो?"

प्राध्यापिकाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं. खाकी कव्हरवर आठ नावं होती. प्रत्येक नावापुढं धड्यांचे आकडे आणि वाचून झालेल्या धड्यावर बरोबरची खूण. एकही पान दुमडलेलं नव्हतं.

"रजिस्टरात तर एकच नाव आहे," त्या म्हणाल्या.

"नेणारी एकच असती, बाई," डबावाली पोरगी बोलली. "साडेतीनच्या गाडीला आमच्यातली एकच पळू शकती. ही लुंबी. हिचे पाय लांब."

"आणि बाकीची पुस्तकं? तीही अशीच?"

"कंच्याबी वाडीला जा, बाई. पुस्तक गेलं की आळीभर फिरतंय."

प्राध्यापिकाबाईंनी चष्मा सावरला. चारशे अकराचा आकडा परत पाहिला आणि अप्पांकडं वळल्या. "सर, पोरं वाचतात. फक्त तुमच्या हॉलपर्यंत पोचत नाहीत. हॉल बंद करून कसं चालेल? तो बसच्या वेळेला उघडायला पाहिजे."

अप्पा बराच वेळ कव्हरवरची नावं वाचत होते. मग म्हणाले, "सहा संगणक तरी बसवू द्या त्या भिंतीला. मला तोंड दाखवायचंय संस्थेत."

बसवले. ते काय तिथं, निळी झाकणं घातलेले. पण हॉल राहिला. आता मॅडम सकाळी आठला उघडतात, पहिल्या बसची पोरं वर्गाआधी येऊन बसतात. परीक्षेच्या नेमणुकीतून मॅडमना सुट्टी मिळाली, ती माणिकप्पांनी कार्यालयात भांडून मिळवली. दर शनिवारी पुस्तकांची पेटी एका वाडीला जाते. कधी विहारात, कधी दर्ग्याजवळच्या ओट्यावर, कधी शाळेत. त्या पेपरात आठपैकी दोघी पास झाल्या. लुंबिनी नव्हती त्यांत. आठ दिवस तोंड पाडून बसली, मग ग्रंथालयाचंच शिक्षण घ्यायला लागली. पेटी आता तीच नेते. रामकिशनकाकांचं स्टूल मॅडमनी तिला दिलंय. काकांची जागा काही अजून भरलेली नाही, पण स्टुलावरचा ढीग उतरला.

आणि मी? माझ्या वर्षांचा पट्टा दोन हजार चोवीसला संपतो. त्याच्यापुढं रबरच नाही. आता पुस्तकाला टीं करणारं यंत्र आलंय आणि मी कागद उडू नयेत म्हणून टेबलावर बसतो. वाईट वाटतं कधीकधी, खोटं कशाला बोलू? पण मॅडम अजून रोज सकाळी मला उचलून पुसतात, आणि सवयीनं त्यांचा डावा अंगठा चाकाकडं जातो.

तर मित्रांनो, या म्हाताऱ्या शिक्क्याचं एवढं ऐका. पुस्तक न्याल तर आळीभर फिरवा, पण पानांचे कान मोडू नका. सांगितलेल्या दिवशी परत आणा. आणि ग्रंथालयात एकटं काम करणारं माणूस दिसलं, तर आत जाऊन घटकाभर बसा, तुम्हाला पुस्तक नको असलं तरी. कारण तिथं बसणारं कुणी नसलं, तर ते माणूस किती खरं वागलं ते कुणाला कळतच नाही. मॅडमसारखं. त्यांनी एकदाही खोटी तारीख...

"खोटं!"

जेबा एवढ्यानं ओरडली की कपाटांमागं चाललेलं मॅडमचं आणि लुंबिनीचं बोलणं थांबलं. मांडीवरचं पुस्तक शेवटच्या पानावर उघडून तिनं चिठ्ठी माझ्या तोंडासमोर धरली आणि तीस फेब्रुवारीच्या अगदी शेजारी बोट ठेवलं.

"हितं जांभळा अंगठा उमटलाय, बघा. चाक म्हणे मी फिरवलं! शिक्क्याला अंगठा असतोय व्हय?"