एकटीनं प्यायचं गोड पाणी

मुकुंदवाडीत येऊन ज्ञानेश्वरीला वर्ष होत आलं, पण तिच्याशी बोलणारं माणूस म्हणाल तर एक दूधवाला, आणि तोही "किती देऊ?" एवढंच विचारायचा. काय म्हणावं अशा शहराला! आजूबाजूच्या खोल्यांना निम्मा दिवस कुलपं. नवरा रामहरी वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळीला. सकाळी यायचा, चार घास पोटात ढकलून आडवा व्हायचा, की मग हिनं भांडंसुद्धा वाजवायचं नाही. तिचे आईबाप कन्नडकडचे, मेंढरांमागं फिरणारे. दिवाळी झाली की पाल उचलायचं, ते पावसाच्या तोंडाला परतायचं. मधल्या काळात फोन लावला की आतली बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. ज्ञानेश्वरी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. बाईमाणसाचा आवाज तरी कानावर पडायचा.

तिला सहावा महिना लागला होता. पहिलं बाळ कन्नडला झालं, चांगलं गलेलठ्ठ. "पैलवान येतोय गं!" म्हणत बाया पोटाकडं बघून हरखायच्या. पैलवान अडकला, आणि बाहेर आला तो रडलाच नाही. दृष्ट लागली, असं ठरवून सगळ्या मोकळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तेवढं विचारलं होतं, पोटुशी असताना हिची साखर कुणी तपासली होती का? कुणी तपासणार? तो प्रश्न ज्ञानेश्वरीच्या मनात घर करून बसला. म्हणून या खेपेला कुणी सांगायची वाट न बघता ती आपल्या पायानं आरोग्य केंद्रात गेली.

राजनंदिनी सिस्टरनं पाण्यात ग्लुकोजची पावडर कालवून ग्लास तिच्या हातात दिला. "हे पिऊन टाक आणि दोन तास इथंच बस. मग बोटातून थेंबभर रक्त घेऊ. उलटी झाली तर लगेच सांग." एवढं बोलून ती लसीकरणाच्या गर्दीत शिरली. सिस्टर एक आणि केकाटणारी पोरं खंडीभर. तिनं तरी कुठं कुठं बघावं!

बाकावर शेजारी यमुनाबाई नावाची म्हातारी होती. सून नातवाला लस टोचून घ्यायला आत गेली होती. चैताच्या उन्हानं म्हातारीचा घसा कोरडा पडला होता, तरी तिनं विचारलंच, "कोन्या गावची गं लेकी?"

लेकी! ज्ञानेश्वरीला भरूनच आलं. हातात गोड पाणी, शेजारी तहानेलं माणूस. तिची आई बानाबाई पालावर चीक शिजवायची, तर पहिली वाटी शेजारच्या पालावर जायची. गोड एकट्यानं खाल्लं तर अंगी लागत नाही, असं तिचं म्हणणं. पोरीला दुसरं काय सुचणार?

"घ्या की आज्जी, ऊन लई हाय."

"नगं गं बाई, तुझं हाय ते."

"दोघी मिळून पिऊ की."

नाय नाय म्हणत आजीनं अर्धा ग्लास रिचवला. वर, लिंबू असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणाली. मग गप्पांना जो ऊत आला! सून बाहेर आली तरी म्हातारी हलेना. गेली तेव्हा ज्ञानेश्वरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडून गेली. वर्षभरात इतकं कुणी बोललं नव्हतं तिच्याशी.

रक्त तपासून सिस्टर म्हणाली, "एकशे बत्तीस. एकशे चाळीसच्या आत आहे. छान!"

जीव भांड्यात पडला. ती चप्पल घालत होती, तेवढ्यात सिस्टर आतल्या दुसऱ्या बाईला बजावत होती ते तिच्या कानावर आलं. "सगळं एकटीनं प्यायचं हं. कमी प्यालं तर साखर असूनही दिसत नाही. मग बाळ पोटात जास्तच वाढत जातं नि ऐनवेळी अडकतं."

ज्ञानेश्वरी दारातच थांबली. कुणी पाहिलं नव्हतं. आकडा चांगला होता. गुपचूप घरी गेली असती तर कोण विचारणार होतं? पण तिला तो पैलवान आठवला, दुपट्यात गुंडाळलेला, गप्प. ती मागं वळली.

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, तिथं माठ भरलेला आहे ना! म्हातारीला त्यातलं द्यायचं!"

"बोलत होत्या वो त्या माझ्याशी," ज्ञानेश्वरी म्हणाली.

सिस्टरनं वहीत लिहिलेला आकडा खोडला. मग म्हणाली, "उद्या परत ये."

दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी कुणी नव्हतं. तिनं दोनदा दाराकडं बघितलं, मग सगळा ग्लास एकटीनं संपवला. दोन तास सरता सरेनात.

आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"रडतेस काय? आत्ता सापडलं म्हणून बरं!" सिस्टर म्हणाली. "साखर-गूळ बंद. भाकरी बेतानं, डाळ-भाजी जास्त, रोज चालायचं. पंधरा दिवसांनी तपासू. नाहीच आटोक्यात आली तर मोठ्या दवाखान्यात पाठवीन, तिथं इंजेक्शनं देतात. येताना घरचं कुणी आण."

"कुनी नाय."

सिस्टरनं तिचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेतला. "आली नाहीस तर मीच फोन करीन. आणि चांगली झापीन, सांगून ठेवते."

"खरंच करताल?"

"करणार म्हणजे करणार."

उन्हातून घरी येताना तिच्या मनात भलतंच आलं. नाहीच गेलं पंधरा दिवसांनी, तर? फोन वाजेल. कुणीतरी विचारील, ज्ञानेश्वरी, कुठं आहेस गं? आली का नाहीस? तिला तो आवाज ऐकूसुद्धा यायला लागला. इतक्यात पोटात बाळानं लाथ मारली आणि तिची तिलाच लाज वाटली.

"जाऊ रे बाबा," ती पोटाला म्हणाली, "येळेवर जाऊ."

खोलीत रामहरी गाढ झोपला होता. ती पावलं न वाजवता आत आली, भिंतीला टेकून बसली. तरी फोनचा आवाज तिनं पूर्ण वाढवून ठेवला.