कादंबरी वाचलेले तारबाबू

पूर्णा गावात आलेल्या सिनेमाच्या तंबूत समुद्री चाच्यांचा बोलपट लागला. तो ज्या कादंबरीवरून काढला होता, ती वाचलेला गावात एकच माणूस होता: रेल्वेतले तारबाबू दिनकरराव. पुढचं आधीच सांगून त्यांनी अख्ख्या तंबूला वीट आणला. “पुस्तकात जहाज याहून मोठं आहे,” हे तर चारदा झालं.

“तुमी गप बसा की हो तारबाबू,” शेजारच्या धुरपताबाई खेकसल्या. “माजा जीव त्या खलाशात अडकलाय. घरी पोचतो का न्हाई, ते मला माज्या डोळ्यानं बघू द्या.”

दिनकररावांनी फुगून टोपी काढली आणि मांडीवर आपटली.

खलाशी फुटक्या होडीत, समोर वादळ, आणि तेवढ्यात पडदा पांढरा झाला. शेवटचं रीळ तंबूवाला मागच्या मुक्कामी, गंगाखेडलाच विसरून आला होता.

सगळा तंबू दिनकररावांकडे वळला.

“बाईंना डोळ्यानं बघायचंय ना?” म्हणत ते टोपी घालून निघाले.

धुरपताबाईंनी वाट अडवली. “चुकलं माजं. पोचला का तेवढं सांगा, मग जा.”

दिनकररावांनी टोपी पुन्हा हातात घेतली.

“माझ्या पुस्तकाची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली, बाई. मी तरी कशाला आलो होतो इथं?”