पाच इंच मुरूम

मित्रांनो, पुंडलिकनगरात साहेबरावांच्या घरामागे गेलात, तर भिंतीला टेकवलेला एक लांबलचक पांढरा लोखंडी सांगाडा दिसेल. त्यावर बहुतेक टॉवेल वाळत असेल. तो जरा बाजूला सारा. खाली मी आहे. मी जुना गोलपोस्ट आहे. लांबीला चोवीस फूट असल्यामुळे मी शेजाऱ्यांच्याही भिंतीला टेकलो आहे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यांचेही टॉवेल आहेत.

माझा जन्म फुटबॉलसाठी झालेला नाही. मी मूळचा बोअरचा पाइप. फुलंब्रीजवळच्या एका शेतात तीनशे फूट खाली जाऊन पाणी वर आणायचं, एवढंच माझं काम होतं. मी गेलो. पाणी नव्हतं. मी तसाच वर आलो. यात माझा दोष नव्हता, पण लोक पाइपाकडे बघतात, जमिनीच्या पोटाकडे बघत नाहीत. मग तिथल्याच एका वेल्डरने माझे तुकडे केले, जोडले, आणि माझ्यातून दोन गोलपोस्ट निघाले. एक मी, दुसरा माझा भाऊ.

आम्हा जुळ्यांना पुंडलिकनगरच्या क्लबाने आपल्या मैदानावर सिमेंटमध्ये रोवलं. मी पूर्वेला, भाऊ पश्चिमेला. बावीस वर्षं आम्ही समोरासमोर उभे राहिलो. पण निवांत बोलणं कधी झालंच नाही. मध्ये कायम बावीस माणसं पळत असायची.

मैदान म्हणजे एक रिकामा प्लॉट होता. त्याची काळजी साहेबराव घ्यायचे. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काढताही येत नव्हतं. सकाळी कंपनीत पहिली पाळी, दुपारनंतर मैदान. पावसाने माती वाहून गेली की दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते एक ट्रॉलीभर मुरूम आणायचे आणि पसरायचे. क्लबात कुणालाही विचारा, "साहेबरावांनी मैदानाला लेकरासारखं जपलं," असंच सांगतील. त्यांच्या पत्नी भामाबाई यावर म्हणायच्या, "व्हय, अन् घरच्या अंगणात बावीस वर्षं खड्डा हाय. पाहुणा आला की आधी पडतो, मग चहा पितो."

आता जे घडलं ते नीट लक्षात घ्या. ट्रॅक्टर यायचा माझ्या बाजूच्या फाटकातून. मुरूम पडायचा माझ्यासमोर. साहेबराव तो घमेल्याने पश्चिमेकडे न्यायला लागायचे, आणि अर्ध्या मैदानात मुरूम संपण्याआधी त्यांची कंबर संपायची. उरलेला मुरूम ते माझ्याच पायाशी छान थापून टाकायचे. इकडे दरवर्षी जमीन बोटभरसुद्धा नाही, किंचितशी वर यायची. तिकडे पावसाने तेवढीच खाली जायची. मला वाटायचं, वय झालं, माणूस वाकतो तसा मी बुटका होतोय. भाऊ मात्र उंच होत चालला होता. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा. बावीस वर्षांत कुणालाही संशय आला नाही, कारण रोज बघितलेल्या गोष्टीला कुणी टेप लावत नाही.

क्लबाच्या खेळावर मात्र परिणाम झाला होता. गोलकीपर सम्यक लहानपणापासून माझ्याखालीच सराव करायचा. माझ्याखाली तो अभेद्य होता. बाहेरच्या मैदानावर गेला की डोक्यावरून गोल खायचा. यावर क्लबाने पुष्कळ विचार करून निष्कर्ष काढला होता की जिल्ह्यातल्या बाकी सगळ्या मैदानांचे गोल उंच आहेत आणि लोक फार लबाड झाले आहेत.

अशा रीतीने क्लब बावीस वर्षं ब गटातच राहिला. चाहत्यांनाही त्याची सवय झाली होती. मग तीन वर्षांपूर्वी प्लॉटच्या मालकाने सांगितलं की हा शेवटचा हंगाम, पुढे इथे इमारत होणार. लीगने सांगितलं की खेळायला दुसरं मैदान फक्त अ गटातल्या संघांना मिळेल. म्हणजे वर चढलो तर क्लब राहणार, नाहीतर बंद. प्रशिक्षक करुणा मॅडम शाळेत पीटी शिकवायच्या. त्यांनी सगळ्यांना माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "बघा, आता दुसरा रस्ता नाय. वर जायचं." एवढंच भाषण. मग दोन तास पळवलं.

आणि मित्रांनो, तो संघ जिंकायला लागला. त्या हंगामाच्या आठवणी चाहते आजही काढतात, आणि प्रत्येकाची वेगळी असते. कुणी म्हणतं वैजापूरच्या संघाला तीन गोल मारले, कुणी म्हणतं पाच. मी तिथेच उभा होतो, दोन मारले. पण मी बोलत नाही. आनंदात माणूस थोडं वाढवून सांगतो, त्याने लोखंडाचं काही बिघडत नाही.

शेवटचा सामना लासूर स्टेशनच्या संघाशी होता, आमच्याच मैदानावर. आम्हाला बरोबरी पुरेशी होती. लासूरला जिंकावं लागणार होतं, जिंकले तर ते अ गटात. सामना निर्णायक, म्हणून लीगने आप्पासाहेब नावाचे पंच पाठवले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नसावं. चारचा सामना, ते दुपारी एक वाजताच आले. त्यांनी खिशातून टेप काढली आणि माझ्या आडव्या दांडीला लावली.

"सात फूट सात इंच," ते म्हणाले.

ते चालत पश्चिमेला गेले, भावाला टेप लावली आणि चालत परत आले.

"तो आठ फूट चार इंच. दोन्ही आठ पाहिजेत. चारला शिट्टी वाजवीन. तवर झालं तर सामना, नाय झालं तर लासूर विजयी."

साहेबराव म्हणाले, "सर, गोल बुटका नाय झाला. जमीन उंच झाली."

"मी टेप जमिनीपासूनच लावतो," आप्पासाहेब म्हणाले.

सगळे साहेबरावांकडे बघायला लागले. साहेबराव माझ्या पायाशी खाली बसले. हाताने मुरूम चाचपला. म्हणाले, "मीच टाकला. बावीस ट्रॉल्या. माझ्या हातानं बुडवला मी क्लब."

"बुडायला टाईम हाय अजून तीन तास," भामाबाई म्हणाल्या. "उठा. रडायचं ते साडेचारला रडा."

साहेबराव उठले. मी त्यांना बावीस वर्षं पाहत होतो, पण टिकाव तसा उचलताना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी आणि चार पोरांनी बरोब्बर माझ्या दांडीखाली पाच इंच खोल चर खणला. सम्यक त्यात उभा राहिला. नडगीपर्यंत आत गेला. गोलकीपर कमी आणि लावलेलं रोप जास्त दिसत होता. उडी मारायला गेला आणि चराच्या काठाला ठेचकाळला.

आप्पासाहेबांनी टेप लावली. "आठ फूट. बरोबर." साहेबरावांचा चेहरा उजळला. "पण हा गोल नाय, शोषखड्डा हाय. समोरची जमीन पण सपाट पाहिजे. पूर्ण पेटी उतरवा."

पूर्ण पेटी म्हणजे माझ्यासमोरचा सगळा चौकोन. बावीस वर्षं पायांनी, रोलरने आणि प्रेमाने दाबलेला मुरूम. टिकाव मारला की ठिणगी उडायची. तोवर चाहते यायला लागले होते. सामना बघायला आलेला माणूस फाटकातून आत येई आणि त्याच्या हातात घमेलं दिलं जाई. इस्त्रीचा शर्ट, नवा गॉगल, काही विचार नाही. एक जण लग्नाला जाता जाता पाच मिनिटं डोकावला होता. तो लग्नाला गेलाच नाही. त्याचं स्वतःचं नव्हतं, एवढं बरं.

पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत माणसांची रांग लागली. माझ्यासमोरचा मुरूम घमेल्याघमेल्याने हातोहात भावाकडे चालला होता. साहेबरावांची कंबर जिथे दरवर्षी संपायची, तिथून पुढे आता दुसऱ्यांच्या कमरा होत्या.

तीन वाजता लासूरची बस आली. त्यांचे खेळाडू आणि पन्नासेक माणसं उतरली. त्यांना कळलं की काहीच न करता आपण अ गटात जाणार. ते कडेला सावलीत बसले आणि डबे उघडले. त्यांच्यात कचरू नावाचे एक आडव्या बांध्याचे गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. भाकरी खाता खाता ते खणणाऱ्यांकडे बघत राहिले.

"व्हईल का ह्यांचं चारपर्यंत?" कुणीतरी विचारलं.

"नाय व्हत," कचरूमामा म्हणाले. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. "भौ, बस कधी निघणार?"

"सहाला. तवर मी झोपणार."

कचरूमामांनी हात पुसले. "म्हणजे सामना नाय झाला तर सहापर्यंत एकमेकांची तोंडं बघायची. मी चाळीस किलोमीटर तोंडंच बघत आलो. चला रे, घमेली घ्या."

"मामा, आपण आयते जिंकतोय ना पण."

"जिंकून गावात काय सांगशील? टेपनं गोल मारला म्हणून?"

आणि लासूरची माणसं रांगेत उभी राहिली. भामाबाईंनी कचरूमामांना घमेलं देता देता बजावलं, "मदत केली म्हणून गोल सोडणार नाय आमी."

"मग वेगानं द्या की ताई. लई बोलता."

चारला पाच मिनिटं कमी असताना आप्पासाहेबांनी टेप काढली. भाऊ आठ फूट. तिथून ते माझ्याकडे चालत आले. ते ठरवूनच सावकाश चालतात असं मला वाटलं. टेप लावली, वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"आठ," ते म्हणाले.

कुणी ओरडलं नाही. ओरडायला कुणात दम नव्हता. रोलर फिरवायलाही वेळ नव्हता. माझ्यासमोरची माती भुसभुशीत तशीच राहिली, आणि शिट्टी वाजली.

पहिल्या हाफमध्ये आमचा संघ माझं रक्षण करत होता. विसाव्या मिनिटाला लासूरच्या पोराने लांबून चेंडू हाणला. सम्यकने नेहमीच्या अंदाजाने उडी मारली. चेंडू त्याच्या बोटांवरून आणि माझ्या दांडीखालून आत गेला. नुकत्याच मोकळ्या केलेल्या त्या पाच इंचांतून. सकाळी असता तर सम्यक पाच इंच उंच जमिनीवरून उडाला असता आणि तोच चेंडू त्याच्या हातात आला असता. हे मला कळलं, सम्यकला कळलं, आणि साहेबरावांना तर त्यांच्या तळहातांच्या फोडांनी सांगितलं असेल. आपल्याच गोलचं तोंड मोठं करायला भर उन्हात तीन तास खणणारे चाहते जगात दुसरे नसतील.

मध्यांतरात सम्यक म्हणाला, "मॅडम, म्हणजे बाहेरची मैदानं लबाड नव्हती."

"नव्हती," करुणा मॅडम म्हणाल्या. "आता आठ फुटाचा कीपर हो."

दुसऱ्या हाफमध्ये टोकं बदलली. सम्यक भावाच्या पुढे उभा राहिला आणि दोनदा असा उडाला की लांबूनही मला त्याची बोटं दांडीजवळ दिसली. आमची पोरं आता माझ्यावर चालून येत होती. माझ्या मागे साहेबराव जाळी धरून उभे होते. पंच्याऐंशी मिनिटं झाली, शून्य-एक. भामाबाई म्हणाल्या, "जाळी सोडा, फाटंल." त्यांनी सोडली नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू उंच आला आणि माझ्यासमोर पडला. इथे चेंडू पडला की टप्पा घेऊन डोक्याच्याही वर उसळणार, हे तोवर सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. लासूरचा कीपर त्यासाठी हात वर करून उडाला. चेंडू उसळलाच नाही. रोलर न फिरवलेल्या मातीत तो बसला, थकलेल्या माणसासारखा. कीपर हवेत, चेंडू जमिनीवर. आमच्या सत्यमने तो नुसता पायाने आत ढकलला.

एक-एक. तेवढ्यावर शिट्टी वाजली, आणि पुंडलिकनगर अ गटात गेलं.

कचरूमामा साहेबरावांजवळ आले. त्यांच्याही बाह्यांवर तोच मुरूम होता. म्हणाले, "आमच्याच हातानं केला आम्ही मऊ." मग साहेबरावांचे फोड आलेले हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. सहाला बस होती, साडेसहाला सुटली.

इमारतीचं काम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी चाहते मला आणि भावाला उपटायला आले. भाऊ आता करुणा मॅडमच्या शाळेत उभा आहे. नव्या मैदानावर ॲल्युमिनियमचे गोल आहेत, साहेबराव तिथे दर महिन्याला उंची मोजतात आणि मुरुमाची ट्रॉली आली की आधी तिला मैदानभर फिरवतात. चाहते दर रविवारी सामन्यानंतर इकडे घरामागे येतात, चहा पितात आणि तो दिवस सांगतात. पाच इंचांचे आता दीड फूट झाले आहेत.

मित्रांनो, तुमचंही काही जपत असाल, तर मनापासून जपा. पण जपताना मधूनमधून मोजूनही बघा. चांगल्या मनाने टाकलेली मातीसुद्धा साचतेच. आणि चूक सापडली, तर ती कुणाची हे ठरवण्याआधी टिकाव उचला.

माझ्या दोन्ही पायांवर खाली पाच इंच रुंद गंजाचा पट्टा आहे. मी मुरुमाखाली गाडला गेलो होतो, तेवढाच. दिवाळीला साहेबराव मला रंग देतात. वरून सुरू करतात, त्या पट्ट्यापाशी येतात, आणि ब्रश उचलून घेतात. माझी एकच विनंती आहे. त्यांच्यानंतर ज्याच्या हातात तो ब्रश येईल, त्यानेही तिथेच थांबावं.