वरच्या मजल्याची बोलणी

त्या घराची मालकीण कुणालाच घर देत नाही, हे एजंटनं रस्त्यातच सांगून टाकलं होतं. "बाई विक्षिप्त आहे. माणसं पसंतच पडत नाहीत तिला. जमलं तर तुमचं नशीब." चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणाऱ्या त्या माणसाला आणि शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या त्याच्या बायकोला नशिबावर हवाला ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, राहत्या जागेचा मालक घर रिकामं करा म्हणून रोज दारात येऊन उभा राहत होता, आणि पाहिलेल्या प्रत्येक घरात काही ना काही खोट निघत होती.

मालकीण तळमजल्यावर राहायची. दार उघडल्यावर तिनं दोघा पुरुषांकडे पाहिलंही नाही. बायकोकडे बघून ती म्हणाली, "आलीस?"

एजंट खाकरला. "मावशी, ही नवीन मंडळी..."

"मी तिच्याशी बोलतेय. न सांगता निघून गेलीस. शोभलं का तुला?"

बायकोनं क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. दिवसभराच्या पायपिटीनं ती थकली होती, शिवाय खोडकरपणा तिच्या अंगातच होता. मान खाली घालून ती म्हणाली, "चुकलं मावशी. पुन्हा नाही जाणार."

मालकिणीचा चेहरा निवळला. मग बोलणी झाली ती नावापुरतीच. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कुलूप बदलायचं नाही, आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवायचं नाही. कपाटावरून त्यानं हुज्जत घालून पाहिली, तर "तिला चालतंय ना?" एवढंच उत्तर आलं. करारही बायकोच्याच नावानं करायचा ठरला. कोपऱ्यावर एजंटचा निरोप घेतल्यावर दोघं पोट धरधरून हसली.

सामान लावताना स्वयंपाकघराची खिडकी त्याला काही केल्या उघडेना. बायको हात पुसत आली, तिनं झडप जराशी वर उचलून खालच्या कोपऱ्याला गुडघा लावला, आणि खिडकी मुकाट उघडली.

"तुला कसं कळलं?"

"काय?" असं म्हणून ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

पुढे समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी जिन्यात तिला पाठदुखीबद्दल विचारलं, आणि जिची पाठ कधीही दुखली नव्हती ती त्याची बायको सहजपणे म्हणाली, "आता बरीच बरी आहे हो." त्या संध्याकाळी तो तिला म्हणाला, "घर मिळालं ना? मग आता नाटक पुरे."

"कसलं नाटक?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, कुतूहलही नव्हतं.

दुकानात भिंगं बदलत तो गिऱ्हाइकांना विचारायचा, हे स्पष्ट दिसतंय की हे. आणि हल्ली उत्तर ऐकायचंच राहून जायचं. शाळेतून आली की बायको मालकिणीकडे जाऊन बसायची. वर आल्यावर त्याच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण पाहुण्याला वाढावं तशी, जरा जास्तच आग्रहानं. कपाट सरकवायचा विषय त्यानं काढला तेव्हा ती म्हणाली, "मावशींना नाही आवडायचं."

शेवटी तिला न विचारताच त्यानं दुसरं घर बघितलं, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी भांडणाच्या तयारीनंच तो खाली गेला. मालकीण वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती.

"आम्ही घर सोडतोय."

"सोडा की. तुम्हाला कुणी अडवलंय?"

एवढ्या सहज सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं. "मग महिनाअखेरीला आम्ही दोघं..."

"तिला विचारलंत?"

"ती माझी बायको आहे."

"हो का?" मालकीण म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. एखादी नवीन माहिती कळावी तसा तिचा स्वर होता. तिनं पुढचा कपडा उचलला.

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. किल्ली आतच राहिली होती, म्हणून त्यानं बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत बायको उभी होती. तिच्या बोटांना निळा रंग लागला होता.

"आवर पटकन," तो म्हणाला. "आपण इथून जातोय."

तिनं त्याचं बोलणं शांतपणे, लक्ष देऊन ऐकून घेतलं. मग त्याच्या खांद्यावरून जिन्याच्या दिशेनं मान उंचावून तिनं हाक मारली,

"मावशी, तुमच्याकडे कुणीतरी आलेत."