अर्धा कोयता

राधाकृष्ण सरांचा जर्मनचा क्लास नगरला सावेडीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली माणसं कण्हायची आणि वर पोरं क्रियापदं म्हणायची. जिन्यात उभं राहून ऐकलं तर कुठला आवाज कुठला, हे पटकन सांगता यायचं नाही. रेश्मा शेवगावहून एसटीनं येऊन तो जिना वर्ष-दीड वर्ष चढत होती. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर असायचं, कंडक्टरच्या तोंडात नगर असायचं, आणि तिकीट दोन्हीकडचं सारखंच लागायचं.

सर जर्मनीला जायचा कार्यक्रम समजावून सांगायचे. तिकडच्या एका कुटुंबात वर्षभर राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, फावल्या वेळात भाषा शिकायची. आपली संस्कृती त्यांना द्यायची, त्यांची आपण घ्यायची.

"याला नोकरी म्हणायचं नाही," सर बजावायचे. "सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणायचं. भांडी घासायला लागली तरी देवाणघेवाणच."

अटी मोजक्या होत्या. वय सत्तावीसच्या आत, भाषेची परीक्षा पास, मुलं सांभाळल्याचा अनुभव, आणि अर्जदार अविवाहित. अनुभवाची अट आली तशी रेश्मानं हात वर केला.

"सर, मी सांभाळलीत मुलं. आई-बाप ऊसतोडीला जायचे ना, मीपण जायचे. टोळीतली सगळी बारकी पोरं माझ्याकडंच असायची. मी स्वतः आठ-नऊ वर्षांची होते तेव्हापासून."

सरांनी चष्मा काढून पुसला. "हे तिथं बोलू नकोस. त्यांच्याकडं याला गुन्हा म्हणतात. मी तुला एका बालवाडीचं सर्टिफिकेट मिळवून देतो."

मग रेश्मानं कधी न पाहिलेली बालवाडी जर्मनमध्ये पाठ केली. तिच्या भिंतींवर फुलपाखरं होती आणि मुलं जेवणाआधी हात धुवायची. उसाच्या पाचटावर पालथी पडलेली, मातीनं तोंड माखलेली खरी पोरं तिनं मराठीतच ठेवली. ती परीक्षा पास झाली. एका कुटुंबानं तिची माहिती वाचून पसंत केली. दोन मुलं होती, आई-बाप दोघं नोकरीला. आता फक्त व्हिडिओवर एकदा शेवटचं बोलणं व्हायचं होतं. पंधरा दिवसांनंतरचा रविवार ठरला.

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा बाप, भागवत, ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. या घराला लांब जायचं म्हणजे एकाच प्रकारे माहीत होतं. दिवाळीच्या अल्याड-पल्याड ट्रॅक्टर येतो, संसार ट्रॉलीत चढतो, आणि उन्हाळा तापला की उतरतो. त्यामुळं भागवतनं जे विचारायचं तेच विचारलं.

"सीझन किती म्हयन्याचा?"

"वर्षाचा."

"वर्सभर गाळप चालतंय?"

"दादा, ऊस नाहीये तिथं. मुलं सांभाळायचीत."

"बरं. ऱ्हायाला कोपी का?"

"खोली आहे. त्यांच्याच घरात."

"आन बाजाराच्या दिशी सुट्टी?"

"आठवड्याला दीड दिवस."

भागवतनं धार थांबवली. दीड दिवस सुट्टी त्याला कुठल्याच मुकादमानं दिली नव्हती. "मग चांगला मुकादम दिसतोय," तो म्हणाला.

रेश्मानं सगळ्या अटी वाचून दाखवल्या, एक सोडून. बापासमोर पोरीनं लग्न हा शब्द काढायचा नसतो. लाजेचं फार नव्हतं. लग्न नको म्हणायला गेलं तरी शब्द निघतोच, आणि एकदा निघाला की घरातली माणसं दुसऱ्या दिवशी स्थळं बघायला लागतात. गेली दोन वर्षं हा विषय झोपलेला होता. झोपलेल्याला कशाला हलवा, म्हणून ती त्या ओळीवरून पुढच्या ओळीवर गेली.

संध्याकाळी आबासाहेब आले. ते रेश्माचे मामा आणि टोळीचे मुकादम. घरात त्यांना मामा म्हणायचं, फडात मुकादम, आणि पाया दोन्हीकडं पडायचं. भागवतनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतून शांतपणे ऐकलं.

"समदं बराबर हाय," ते म्हणाले. "पर भागवत, तू पोर एकटी पाठवतुयास व्हय?"

"मग?"

"आरं, एकटीचं म्हंजी अर्धा कोयता! नवरा-बायको मिळून एक कोयता. मी इतकी वर्सं टोळ्या भरतोय, अर्ध्या कोयत्याला कुठल्या कारखान्यानं किंमत दिली? हितं न्हाई तर तिकडं देतील? लांबची मान्सं अजून तरबेज असत्यात."

"मामा, त्यांनी एकटीलाच बोलावलंय," रेश्मा म्हणाली.

"बोलिवत्यात गं. आन गेल्यावर म्हनत्यात, जोडी कुठाय." त्यांनी बशी खाली ठेवली. "तू नको डोकं लावू. तुझ्या भल्याचंच बघतोय."

ते खरोखर भल्याचंच बघत होते, हीच अडचण होती. वाईट चिंतणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

चार-पाच दिवसांत स्थळ आलं. मुलगा पाथर्डीकडचा, कल्याण नाव. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होता. आई-बाप ऊसतोडीतलेच. जोडीनं परदेशी जायचंय, हे ऐकून त्यानं आधी हो म्हटलं आणि मग मुलीचा फोटो पाहिला. शनिवारी साखरपुडा ठरला.

रेश्मानं गच्चीत जाऊन सरांना फोन लावला.

"साखरपुडा?" सर म्हणाले. "चालतो की. कायद्यानं तू अविवाहितच. फक्त अंगठी काढून ठेव आणि लग्न वर्षानं करा."

रेश्मा खाली आली. आई, पुष्पावती, चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आई, नुसता साखरपुडाच ना?"

"मग काय? पंचांगात आता लग्नाचं दिस हैत का? चातुर्मास चाललाय."

पंचांग आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर रेश्मानं पुढं काही विचारलं नाही.

शनिवारी दारात मांडव पडला. साखरपुड्याला एवढा मांडव कशाला, हा प्रश्न तिच्या डोक्यात आला आणि बसायला जागा न मिळाल्यानं निघून गेला. दोन्हीकडचे पाहुणे धरून चारशे माणूस होता. जेवणावळीच्या कढया मागं रटरटत होत्या. साखर-पेढा भरवून झाला, अंगठ्या झाल्या, आणि आबासाहेबांनी माईक हातात घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, "दोन्हीकडची मान्सं जमल्याती. सैपाक तयार हाय. भटजी हितंच हैत. परत कशापायी खर्च? परत कशापायी धावपळ? पोरीला परदेशी जायचंय, जोडी तयार पायजे. तवा मी इनंती करतो का, साखरपुड्यातच लगीन लावून टाकावं!"

टाळ्या पडल्या. आमच्या भागात साखरपुड्यातच लग्न उरकणं ही थोर गोष्ट समजतात. पेपरात फोटो येतो आणि त्याखाली आदर्श विवाह असं छापतात. मुहूर्ताचं कुणीतरी काढलं, पण पंचांगात अडल्यानडल्यासाठी चातुर्मासातही आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात. भटजी म्हणाले, परदेश हा आपत्काल धरायला हरकत नाही.

रेश्मा पाटावर बसली होती. बाप समोर उभा होता. दोन्ही हात जोडून, सगळ्यांकडं बघून तो हसत होता. त्याला टाळ्या पडण्याची ही पहिलीच वेळ होती.

तिनं आईचा पदर ओढला. "आई, लग्न झालेलं चालत नाही तिथं. अट आहे तशी."

पुष्पावतीनं वाकून ऐकलं.  मग तिनं मागं वळून बघितलं. पोरं ताटातून अक्षता वाटत सुटली होती, आणि चारशे माणसांच्या मुठी भरल्या होत्या.

"आत्ता सांगतीस व्हय गं?" ती एवढंच म्हणाली.

मग मंगलाष्टकं झाली. माईक मधेच घूं करायचा तेवढाच अडथळा. अक्षता अंगावर पडत होत्या आणि रेश्मा सरांनी शिकवलेलं मनात म्हणत होती. बालवाडीच्या भिंतींवर फुलपाखरं होती. मुलं जेवणाआधी हात धुवायची. तिला वाईट वाटायला हवं होतं. ती त्याची वाट बघत राहिली, पण ते आलं नाही. जेवण आलं. तिनं बुंदी खाल्ली. बुंदी चांगली होती.

रविवारी ठरल्या वेळी तिनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. शेजारी कल्याणला बसवलं होतं, कारण आबासाहेबांचा निरोप होता की जोडी दिसू द्या. कल्याणनं नवा शर्ट घातला होता. कंपनीचं काम त्यानं शुक्रवारीच सोडलं होतं, लाईनवर पेढे वाटून. दाराबाहेर भागवत आणि चार भाऊबंद कान देऊन बसले होते.

पडद्यावर एक सोनेरी केसांची बाई आली. तिच्या खांद्यावरून एक लहान मुलगी डोकावत होती. बाई प्रेमळ होती. तिनं हिरव्या चुड्याकडं बघितलं, मेंदीकडं बघितलं, कपाळावरच्या हळदीकडं बघितलं आणि टाळी वाजवली.

"किती सुंदर! आज तुमच्याकडं सण आहे का?"

खोटं जेवढं बोलायचं होतं तेवढं सगळं सरांनी पाठ करून घेतलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता.

"नाही," रेश्मा जर्मनमध्ये म्हणाली. "काल माझं लग्न झालं. हे माझे यजमान."

आपलं नाव निघालं असावं असं समजून कल्याणनं हात जोडले.

 बाईनं कॅमेऱ्याबाहेर कुणाकडं तरी बघितलं. मग ती हळूहळू, सोपे शब्द निवडून बोलली. नियम आहे. आपल्याला फार वाईट वाटतंय. मुलीनं तुझ्या खोलीसाठी चित्र काढलं होतं. शेवटी हसण्याचा प्रयत्न करून ती म्हणाली, "तरीही, मनापासून अभिनंदन." लहान मुलीनं हात हलवला. कल्याणनंही हलवला.

रेश्मा बाहेर आली.

"काय म्हनली गं?" भागवत उठून उभा राहिला.

"अभिनंदन म्हणाली."

हे खरंच होतं. भागवत त्याच पावली पेढे आणायला गेला. त्याला थांबवण्यासाठी बरीच वाक्यं लागली असती, आणि रेश्माजवळ त्या वेळी एकही नव्हतं. पुष्पावतीनं पोरीकडं बघितलं आणि भांडी घासायला घेतली.

कल्याणला तिनं आठवड्यानं सांगितलं, शेवगावच्या बाजाराला मोटरसायकलवरून जाताना. मागं बसून सांगणं सोपं होतं. तोंड दिसत नाही. त्यानं गाडी बाजूला घेतली नाही. नुसती हळू केली.

"लग्नाच्या आधी बोलायचं ना घरी."

"बोलले असते तर स्थळं बघायला लागले असते."

"न बोलूनबी तेच झालं की."

"व्हय."

थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "मी कंपनीत परत इचारलं. माझ्या जागी दुसरा घेतलाय." मग बरंच अंतर गेल्यावर, "तुझ्या बापाला सांगायचं का?"

"तू सांगतो?"

"नको बाबा," कल्याण म्हणाला. "पेढे वाटलेत त्यांनी."

आबासाहेब दिवाळी झाल्याबरोबर आले. बेलापूरकडच्या कारखान्यासाठी टोळी भरत होते, एक कोयता कमी पडत होता. "परदेशाचा निरोप यील तवा यील," ते म्हणाले. "तवर घरी बसून काय करताल? जोडी तर झालीच हाय." रेश्माकडं बघून ते मायेनं हसले. "पूर्ण कोयता धरतो. अर्धा न्हाई."

ट्रॅक्टर सकाळी आला. ट्रॉलीत वाकळा चढल्या, पत्र्याची पेटी चढली, कोंबड्यांची डाल चढली, दोन शेळ्या कल्याणनं ओढून चढवल्या. सगळ्यात शेवटी रेश्माची बॅग. जर्मनीसाठी नगरला घेतलेली, निळी, खाली चाकं असलेली. पुष्पावतीनं त्यात ज्वारीचं पीठ भरलं होतं.

"ह्या बॅगला चाकं कशापायी?" शेजारच्या कोयत्यातल्या बाईनं विचारलं. तिच्या मांडीवर वर्षाचं पोर होतं.

"तिकडं रस्ते सपाट असतात," रेश्मा म्हणाली.

बाईनं मान डोलावली, आणि जागा करायला म्हणून पोर उचलून रेश्माच्या मांडीवर दिलं. रेश्मानं ते घेतलं. शेंबूड पुसायला हात आपोआप गेला.

ट्रॅक्टर रस्त्याला लागला. भागवत ट्रॉलीच्या कडेला धरून उभा होता. शेवगाव मागं पडल्यावर त्याला एकदम आठवलं.

"रेश्मे, मोबाईल चार्ज हाय न्हवं? त्या बाईचा फोन यायचा."

रेश्मानं एका हातानं मोबाईल काढून बघितला.

"फुल हाय, दादा."