मुका बेस

खर्जोबाचा एक ठाम सिद्धान्त होता: दोन घोट पोटात गेल्याशिवाय बोटं सुटत नाहीत. बेस गिटार वाजवणाऱ्याने शुद्धीत स्टेजवर चढणं म्हणजे कलेशी गद्दारी. सिद्धान्त त्याचाच आणि पुरावाही तोच. थर्मासात आल्याचा काढा असतो, असं तो बँडमधल्या सगळ्यांना सांगायचा आणि सगळे मान डोलवायचे. लोक किती भोळे असतात, असं त्याला वाटायचं.

तसं बँडमध्ये धुतल्या तांदळासारखं कोणी नव्हतंच. गायक घशासाठी म्हणून ब्रँडी घ्यायचा. घसा कधीच बरा झाला, औषध चालूच होतं. ड्रमवाला कार्यक्रमाआधी मागच्या जिन्यात 'मोकळी हवा' खायला जायचा आणि लाल डोळ्यांनी परत यायचा. पण ती माणसं घेऊन बिघडतात आणि आपण घेऊन खुलतो, याबद्दल खर्जोबाला तिळमात्र शंका नव्हती. गेले आठ महिने तर विचारूच नका. वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून स्टेजवर त्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो. त्यातून त्याचा बेस असा काही घुमायचा की त्याचं त्यालाच भरून यायचं. एकदा एक श्रोता मुद्दाम येऊन म्हणाला, "तुमच्या बँडचा बेस म्हणजे अगदी घड्याळ!" खर्जोबाने नम्रपणे मान खाली घातली. ती बराच वेळ वर आली नाही, पण त्यात नम्रतेचा भाग थोडाच होता.

हा सिद्धान्त एकाच व्यक्तीला मान्य नव्हता. त्याच्या मुलीला. ती नर्स. दोन वर्षांपूर्वी तिच्या हॉस्पिटलच्या स्नेहसंमेलनात, तिच्या सगळ्या मैत्रिणींसमोर, हे महाशय गाण्याच्या मध्यावर ड्रमसेटवर आडवे झाले होते. तेव्हापासून तिने त्याच्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवली होती. या रविवारी दुपारचा कार्यक्रम होता. त्याने फोनवर किती आर्जवं केली!

"येते," शेवटी ती म्हणाली. "पण एक थेंब जरी घेतलात ना बाबा, तर पुन्हा मला बोलवायचं नाही. कधीच."

"मी कुठे घेतो गं?" असं तो सवयीने म्हणाला. मग स्वतःच घाईघाईने सुधारणा केली, "नाही घेणार. शप्पथ."

रविवारी थर्मास घरीच राहिला. ग्रीनरूममध्ये कॉफीचा कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धी कॉफी शर्टाने पिऊन टाकली होती. पण स्टेजवर जाऊन त्याने मान वर केली, तर तिसऱ्या रांगेत मुलगी! मग गड्याने असं जपून वाजवलं म्हणता, जसं बावीस वर्षांचा असताना वाजवायचा. एक सूर इकडचा तिकडे नाही. मध्यंतरात तो घामाघूम होऊन, पण ताठ मानेने खाली उतरला.

मुलगी स्टेजमागे आली. आधी जवळ येऊन वास घेतला. मग बिचकत म्हणाली, "बाबा, तुम्ही वाजवत का नव्हतात?"

"म्हणजे? एवढा वेळ मी काय माश्या मारत होतो?"

"बोटं हलत होती. पण बेस कीबोर्डमधून येत होता. लहानपणी मी तुमच्या गिटारला पाठ लावून झोपायचे. मला तुमचा आवाज कळतो हो."

खर्जोबा तडक हॉलच्या टोकाला साउंडवाल्याकडे गेला. मिक्सरवर प्रत्येक वाद्याची एक पट्टी असते, वर सरकवली की आवाज हॉलमध्ये जातो. त्याच्या नावाची पट्टी पार तळाशी होती.

"अरे, ही बंद आहे!"

"आहे की," साउंडवाला म्हणाला. "आठ महिने बंदच आहे. तुझा आवाज फक्त तुझ्या पायाशी सोडतो. बेस कीबोर्डवाली डाव्या हाताने सांभाळते. आजही पट्टी सवयीने खालीच राहिली रे."

"कोणी ठरवलं हे?"

"सगळ्यांनी. तुला काढायचा विषय निघाला होता. कोणाला धीर झाला नाही, मग ही पट्टी खाली ओढली."

म्हणजे ते घड्याळ कीबोर्डवाल्या बाईंचा डावा हात होता! आणि काढ्याला मान डोलवणारे ते भोळे लोक! अरे देवा. आठ महिने आपण एकाच श्रोत्यासमोर कार्यक्रम करत होतो आणि तोही शुद्धीत नव्हता. त्याला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

ग्रीनरूममध्ये गायकाने त्याचा चेहरा बघून ब्रँडीचा ग्लास पुढे केला. खर्जोबाला तो हवा होता. खोटं कशाला बोला, इतका हवा होता की तोंडाला पाणी सुटलं. पट्टी तर बंदच आहे, घेतली काय नि न घेतली काय, कोणाला कळणार? त्याने ग्लास हातात घेतला. मग टेबलावर ठेवला आणि पुन्हा साउंडवाल्याकडे गेला.

"उघड."

"हात बघ तुझे. पान हलावं तसे हलतायत. चुकलास तर अख्खा हॉल ऐकेल."

"ऐकू दे."

साउंडवाल्याने एक सुस्कारा सोडला आणि पट्टी वर नेली.

दुसऱ्या भागाच्या पहिल्याच गाण्यात बोट घसरलं. ढब्बकन एक भलताच सूर हॉलभर पसरला. गायक गर्रकन वळला. कीबोर्डवालीचा डावा हात मदतीला धावला, पण खर्जोबाने तिच्याकडे बघून मान हलवली. नको. तिने क्षणभर विचार केला आणि हात उचलून मांडीवर ठेवला. आता खाली आधाराला कोणी नव्हतं. तो घाबरला, फार घाबरला, आणि वाजवत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर मुलगी दारात थांबली होती. डोळे पुसलेले दिसत होते, पण आवाज नर्सचाच.

"दोनदा चुकलात," ती म्हणाली.

"तीनदा," तो म्हणाला.