बाहेरून न उघडणारं दार

धाकट्या भावाला शेवटचं पोचवून घरी आलो. अंगावरचे कपडेही बदलले नव्हते, तोच चुलतभाऊ पाच-सहा पोरं घेऊन दारात उभा. हातात लोखंडी गज.

"दादा, पेटी घे. समोरचं दार उघडून दे. पुढचं आम्ही बघतो."

समोर म्हणजे म्हातारीकडे. काल गाडी लावण्यावरून भांडण पेटलं आणि तिच्या मुलानं माझ्या भावाला आमच्याच दारात भोसकलं. मुलाला पोलिसांनी नेलं. घरात उरली म्हातारी, सून आणि एक तान्हं पोर. माझा धंदा कुलपांचा. गल्लीतलं कुठलंही कुलूप मी चहा निवायच्या आत उघडतो.

अवजारांची पेटी उचलली. माझंही डोकं भडकलेलंच होतं, खोटं कशाला बोलू? पण रस्ता ओलांडताना मागे वळून बघितलं. मारेकरी कोठडीत सुखरूप, आणि आमची मर्दांची फौज निघाली होती बाळंतिणीवर! थू!

पोरांना फाटकाबाहेर थांबवलं. दार वाजवलं. "काकू, मी आहे. एकटाच आत येतो."

 मग आतून कपाट सरकवल्याचा आवाज आला. दार बोटभर उघडलं.

"मारायचं तर मला मार रे बाबा."

"सरका. ड्रिलची वायर लावायचीय."

आत शिरून दाराला जाडजूड लोखंडी अडसर बसवायला घेतला. ड्रिल ऐकून पोरांना उमगलं, तशी ती फाटक ढकलून आत आली.

"काय रे, जावई झालास का त्यांचा?" चुलतभाऊ खिडकीतून ओरडला. "सख्ख्या भावाचं रक्त वाळलं नाही अजून!"

"माहितेय. फरशी मीच पुसली."

चुलतभाऊ खिडकीपासून हटला. मला हात धरून बाजूला करायची कुणाची छाती नव्हती.

"काकू, याला बाहेरून चावी नाही. मलासुद्धा उघडता येणार नाही. कुणीही हाक मारली तरी उघडू नका. मी मारली तरी."

माझ्या तोंडावरून फिरवायला तिनं हात उचलला. मी मागे सरलो. तेवढं माझ्याच्यानं झालं नसतं.

बाहेर आलो. आतून अडसर पडला. काम तपासायचं म्हणून खांदा लावला. पक्कं होतं. पुन्हा लावला. मग धाकट्याला हाका मारत त्या दारावर धडका देत सुटलो. आत पोर किंचाळून रडत होतं, तरी थांबेना मी. दार तसूभर हललं नाही.

शेवटी गज टाकून चुलतभावालाच मला मागे ओढावं लागलं.